जुन्या यंत्रांवर ज्याचं नाव आहे ते ओल्डहॅम गाव नेमकं कसं होतं?

छावणीकर

नमस्कार मंडळी. यंदा गणपतीत आमच्या मंडळातर्फे इंदूरच्या कापड गिरण्यांवर छोटं प्रदर्शन ठरलं आहे. हुकुमचंद, मालवा, कल्याणमल, राजकुमार, स्वदेशी यांची माहिती आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचे, म्हणजे गिरण्यांच्या सजवलेल्या चित्ररथांचे, फोटो जमलेत. गाडी अडली आहे ती एका पाटीपाशी.

एका बंद गिरणीच्या भंगारातून ओतीव लोखंडाची चौकट मिळाली. छातीइतकी उंच, वरची कड कमानीसारखी गोल, कडेला थोड्या थोड्या अंतरावर मोठे स्क्रू. मधोमध उठावाची इंग्रजी अक्षरं आहेत: 'प्लॅट ब्रदर्स अँड कंपनी लिमिटेड, ओल्डहॅम'. खाली साल असावं, पण हिरव्या रंगाचे इतके थर बसलेत की '१९'च्या पुढचं लागत नाही.

ओल्डहॅम म्हणजे मँचेस्टरचंच उपनगर का? तिथे कापड विणत की फक्त यंत्रं बनवत? चौकट कोणत्या यंत्राची, आणि पाटी खराब न करता साल कसं वाचायचं? गाव कसं होतं, तिथली कामगार माणसं कशी राहत, हेही एका फलकावर घ्यायचं आहे. मंडळाचे एक सभासद सप्टेंबरमध्ये मँचेस्टरला जाणार आहेत. त्यांना एका दिवसात तिथे काय बघता येईल?

पेळू_ते_सूत

छावणीकर, आधी नाव. पाटीवर 'ओल्डहॅम' असलं तरी उच्चार 'ओल्डम'; जुनी स्थानिक माणसं 'आउडम' म्हणत. फलकावर ओल्डम लिहा, खाली एकदा पाटीवरचं रूप द्या.

'मँचेस्टरचं उपनगर' लिहू नका. मँचेस्टरपासून ते ११ किलोमीटरवर आहे, म्हणजे राजवाड्याहून राऊ जितकं साधारण, पण गाव स्वतंत्र. मँचेस्टर ही पेढी आणि बाजारपेठ होती, सौदे तिथे होत. सूत ओल्डममध्ये निघे. १९७४ पासून प्रशासकीयदृष्ट्या ते ग्रेटर मँचेस्टरमध्ये धरतात. त्याआधी ते लँकेशायरचं.

पेनाइन डोंगररांगेच्या पश्चिम उतारावर, उंचावर वसलेलं गाव. मोठी नदी नाही, लहान ओढे तेवढे. त्यामुळे पाणचक्कीच्या जमान्यात त्याला फार महत्त्व नव्हतं. लोक घरी फस्टियनचं जाडं कापड विणत आणि टोप्या करत. पहिली सूतगिरणी १७७८ च्या सुमारास लीस हॉल इथे विल्यम क्लेग यांनी उभारली. वाफेचं इंजिन आल्यावर नदीची अडचणच उरली नाही, आणि कोळसा तर गावाखालीच होता. मऊ पाणी आणि दमट हवाही होती. कोरड्या हवेत तंतूंवर स्थिर वीज साचते, ते एकमेकांपासून फाकतात आणि धागा तुटतो. दमट हवेत तो सांभाळून घेतो. आपल्याकडे उन्हाळ्यात गिरणीत पाण्याचे फवारे सोडावे लागत, तिकडे ते काम आभाळच करी.

१८०१ मध्ये वस्ती १२ हजार होती, १९०१ मध्ये १ लाख ३७ हजार झाली. १८७१ पर्यंत या एका गावात जितक्या चात्या (सूत पिळून गुंडाळणारे स्पिंडल) होत्या तितक्या अमेरिका सोडून जगातल्या कोणत्याही देशात नव्हत्या. १९११ मध्ये १ कोटी ६४ लाख चात्या: साऱ्या ब्रिटनमध्ये ५ कोटी ८० लाख, जगात १४ कोटी ३५ लाख. म्हणजे जगातल्या दर नऊ चात्यांपैकी एक ओल्डमची. हा आकडा फलकावर मोठ्या अक्षरात घ्या.

आता कापडाचं. ओल्डम हे मुख्यतः सुताचं गाव. विणकाम उत्तरेकडे, बर्नली, नेल्सन, ब्लॅकबर्न या पट्ट्यात होई. आपल्याकडे आलेलं विलायती धोतर बहुधा ब्लॅकबर्नकडच्या मागावरचं, त्यातलं सूत मात्र ओल्डमचं असू शकतं. इंदूरच्या गिरणीत कापसाची गाठ एका दाराने आत जाई आणि कापडाचं ठाण दुसऱ्या दाराने बाहेर येई. तिथे कताई एका गावात, विणाई दुसऱ्यात, रंगाई तिसऱ्यात. हा फरक नीट मांडा, पुढे त्यावरच बरंच ठरलं.

जुनी_पाटी

तुमची चौकट कार्डिंग मशीनची, म्हणजे कापूस पिंजणाऱ्या यंत्राची आहे, जवळजवळ नक्की. कमानीसारखी कड म्हणजे 'फ्लेक्सिबल बेंड'. स्क्रू मोजा, एका बाजूला पाच भरायला हवेत. या लवचीक पट्टीवरून फ्लॅट सरकतात. दात्यांच्या तारा लावलेले असे शंभराहून जास्त फ्लॅट साखळीत असतात, आणि त्यातले चाळीसेक एका वेळी मोठ्या सिलिंडरवर असतात. सिलिंडरचा व्यास ५० इंच. सिलिंडर आणि फ्लॅट यांच्यात अंतर ठेवायचं ते इंचाच्या हजार भागांपैकी दहा, म्हणजे पाव मिलिमीटर. सिलिंडरवरच्या तारा वारंवार घासून धार लावावी लागे, त्याने व्यास किंचित कमी होई. पाच स्क्रूंनी बेंडचा गोल तेवढाच आवळून अंतर पुन्हा जुळवायचं. अंतर जास्त राहिलं की कापसातल्या नेप्स, म्हणजे बारीक गाठी, तशाच पुढे जातात आणि सुतात दिसतात. कमी झालं की तार तारेला लागते, ठिणगी पडते आणि रुईला आग लागते. चौकटीशेजारी पाव मिलिमीटरची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) ठेवलीत तर बघणाऱ्याला हे सांगावं लागणार नाही.

सालासाठी ग्राइंडर आणि सँडब्लास्टिंग अजिबात नको. लोखंडावर ओतकामाची कातडी असते. ती गेली की अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि पुन्हा मिळत नाहीत. आधी अंधाऱ्या खोलीत बॅटरी पाटीला जवळजवळ चिकटवून, आडवा उजेड पाडून फोटो काढा. रंगाखालीही आकडा उठतो, आणि पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं. नाही झालं तर पाटीवर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवा. तरीही लागलं नाही तरच रंगाला हात लावा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं खरवडू नका, पॉलिशपेपर मारू नका. हातमोजे घालून रंग काढायची पेस्ट फक्त आकड्यांच्या चौकोनात लावा, वर प्लास्टिक झाका, मऊ झालेला थर लाकडी पट्टीने उचला. निघालेला रंग पिशवीत भरून वेगळा टाका, लहान मुलं जवळ नकोत. पाटी कोरडी झाली की रंगहीन मेणाचा पातळ हात द्या. तेल नको, त्यावर धूळ बसते.

आणि एक. पाटीवरचं साल यंत्र बनल्याचं असतं, गिरणीत बसल्याचं नव्हे. एका गिरणीतलं जुनं यंत्र दुसरीने घेतल्याची उदाहरणं भरपूर आहेत. म्हणून 'या साली इंदूरला आलं' असं लिहू नका, 'या साली ओल्डममध्ये बनलं' लिहा.

रिंगखाते

प्लॅटबद्दल थोडं. घराणं शेजारच्या सॅडलवर्थचं. हेन्री प्लॅट यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या डॉबक्रॉस गावी पिंजणीची यंत्रं करायला घेतली. पुढची पिढी ओल्डमला आली, आणि वर्नेथ भागातला हार्टफर्ड वर्क्स वाढत वाढत कापडउद्योगाची यंत्रं बनवणारा जगातला सर्वांत मोठा कारखाना झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस १२ हजारांवर कामगार. गाठ फोडण्यापासून सूत निघेपर्यंतची सगळी यंत्रं एकाच कारखान्यात मिळत, नकाशे मिळत, बसवायला फिटरही येत. रशिया, जपान, भारत सगळीकडे माल गेला. १९२९ मध्ये तर जपानच्या टोयोडांच्या स्वयंचलित मागाचे हक्क याच प्लॅटनी १ लाख पौंडांना विकत घेतले. शिकणारा आणि शिकवणारा यांची अदलाबदल झाली, ती इथे दिसते.

आता कताई. ओल्डमचा जीव होता म्यूलमध्ये. इंदूरच्या गिरण्यांत तुम्हाला रिंग फ्रेम सापडतील, म्यूल सापडणं कठीण, म्हणून ते कसं चालतं ते सविस्तर लिहितो.

म्यूल म्हणजे चाकांवरची लांबलचक गाडी. एका गाडीवर हजार-बाराशे चात्या, एकमेकींसमोर दोन गाड्या, त्या जोडीवर एक 'माइंडर' आणि हाताखाली दोन 'पीसर', एक मोठा आणि एक लहान. मागे स्थिर चौकटीवर पेळूची रिळं आणि रूळ असतात. गाडी रुळांपासून दूर जाऊ लागते, साधारण ६४ इंच, म्हणजे सव्वापाच फुटांहून थोडी जास्त. जाताना रूळ बारीक केलेला पेळू सोडत राहतात आणि चात्या फिरून त्याला पीळ देतात. शेवटाला रूळ थांबतात, गाडी थांबते. मग चात्या क्षणभर उलट्या फिरून टोकावर चढलेले वेढे सोडवतात. एक तार खाली येऊन धाग्याला दिशा देते, दुसरी खालून उचलून ताण धरते, आणि गाडी परत आत जाताना तयार झालेलं सूत चातीवर गुंडाळलं जातं. ही झाली एक फेरी, मिनिटाला चारेक. २,४०० चात्यांच्या जोडीतून थांबे सोडून हिशेब केला तर मिनिटाला साडेपंधरा किलोमीटर सूत. तुटलेले धागे पीसरने चालत्या गाडीवर वाकून, गाडी जवळ असतानाच्या दोन-तीन सेकंदांत जोडायचे. तेलकट लाकडी जमिनीवर सगळे अनवाणी.

बिघाडाची मुख्य जागा गुंडाळणीत. सूत चातीवर शंकूच्या आकारात चढतं. त्याला कॉप म्हणतात. कॉपचा तळ जसजसा जाड होतो तसतसा एका वेढ्यात जास्त धागा मावतो, म्हणून चातीचे आतल्या फेरीतले वळसे कमी करत न्यावे लागतात. ते क्वाड्रंट नावाच्या पाव-चाकासारख्या दात्याच्या भागावरचा नट वर सरकवून होतं. नट वेळेत सरकला नाही तर ताण वाढून एकदम शेकडो धागे तुटतात. फार सरकला तर धागा सैल राहून त्याच्या अढ्या पडतात, आणि त्या पुढे विणकराच्या मागात अडकतात. चांगल्या माइंडरची पारख या नटावरच्या हातावरून होई.

पीळ किती द्यायचा त्याचा हिशेब: कौंटचं वर्गमूळ काढा, म्यूलवरच्या ताण्याच्या सुतासाठी ३.७५ ने गुणा, बाण्यासाठी ३.२५ ने, रिंगवरच्या ताण्यासाठी ४ च्या आसपास. ओल्डमचा ठरावीक माल ३२ कौंट. ३२ चं वर्गमूळ ५.६६, म्हणून ताण्याला इंचाला २१ पीळ, बाण्याला साडेअठरा. कौंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात ते. ३२ कौंटच्या एका पौंडात साडेचोवीस किलोमीटर धागा. प्रदर्शनात साधारण ४५० ग्रॅमचं सुताचं बंडल ठेवून खाली 'इंदूर ते महू' लिहा. लोक लगेच हातात घेऊन बघतील.

रिंगमध्ये ही ये-जा नाही. चातीभोवती स्थिर कडं, कड्यावर पोलादाचा नखाएवढा ट्रॅव्हलर पळतो, पीळ आणि गुंडाळणी एकाच वेळी अखंड चालते. काम कमी दिवसांत शिकता येतं. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये टाटांनी १८८० च्या दशकातच रिंग आणून चालवून दाखवल्या. ओल्डम मात्र म्यूलला चिकटून राहिलं, आणि माझ्या मते तिथेच त्याची घसरण सुरू झाली.

गाठ_आणि_गोणी

रिंगखाते, बाकी सगळं चोख, शेवटचं वाक्य मात्र पटत नाही. ओल्डमचे गिरणीवाले अडाणी नव्हते. रिंग बनत कुठे होत्या? त्यांच्याच गावात, प्लॅटकडे. रोज डोळ्यांसमोर होत्या.

वर पेळू_ते_सूत यांनी सांगितलं आहे की कताई आणि विणाई वेगवेगळ्या गावांत होती. म्यूलचा कॉप जवळजवळ नुसत्या सुताचा, आत फार तर कागदी नळी. बाण्याचा कॉप थेट विणकराच्या धोट्यात बसे. रिंगचं सूत मात्र जड लाकडी बाबिणीवर येतं. ती बर्नलीला पाठवायची तर रेल्वेभाडं लाकडाचंही भरा आणि रिकाम्या बाबिणी परत आणायचंही भरा. नाही तर सूत पुन्हा दुसऱ्यावर गुंडाळा, म्हणजे आणखी एक खर्च. इंदूरच्या गिरणीत बाबीण एका खात्यातून दुसऱ्यात हातगाडीवर जाई, तो खर्च नव्हताच. शिवाय रिंग धाग्याला जास्त ताण देते, म्हणून त्याच कौंटला जरा लांब तंतूचा, महाग कापूस लागतो. ओल्डमजवळ पिढ्यान्पिढ्यांचे कसलेले माइंडर होते. ते कमी प्रतीच्या कापसातून म्यूलवर चांगलं सूत काढत. आपल्याकडे असे माइंडर नव्हते, म्हणून इकडे रिंग रास्त. १९०० साली दोन्हीकडचा निर्णय आपापल्या जागी बरोबर होता. १९२० नंतर, निर्यात कोसळल्यावरही, न बदलणं हे चुकलं. १९२६ मध्ये रॉयटनजवळ म्यूलसाठी भलीमोठी एल्क मिल बांधली, तिला मात्र समर्थन नाही. तिथले म्यूल १९७४ पर्यंत फिरत होते.

रिंगखाते

बाबिणीच्या भाड्याचा मुद्दा मान्य. १९२० पूर्वीसाठी माझं वाक्य मागे घेतो.

छावणीकर

मंडळी, मनापासून आभार. स्क्रू मोजले, एका बाजूला बरोबर पाच. आडव्या उजेडात तिसरा आकडा '२' आला, चौथा अजून नाही.

आणखी दोन गोष्टी. माळव्याचा कापूस तिकडे जात होता का? आणि मजुरांचं जगणं?

माळवी_रुई

कापसाचं सांगतो. आपल्या बाजूचा कापूस मुंबईला जाई आणि तिथून जहाजाने लिव्हरपूलला. पश्चिम भारतातल्या सगळ्याच कापसाला तिकडे सरसकट 'सुरती' म्हणत. एरवी तो त्यांना नकोसा: तंतू पाऊण इंचाच्या आसपास, अमेरिकन कापसाचा एक इंच, त्यात पानांचा चुरा, सरकीचे तुकडे, वाळू.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, उत्तरेने दक्षिणेची बंदरं अडवली, आणि लँकेशायरचा तीन-चतुर्थांशाहून जास्त कापूस तुटला. १८६५ पर्यंतच्या त्या काळाला ते 'कापसाचा दुष्काळ' म्हणतात. गिरण्या बंद, लोक अन्नछत्रावर. तेव्हा सुरतीशिवाय पर्याय उरला नाही. पण कापूस बदलला की सगळी गिरणी बदलावी लागते. बारीक करणाऱ्या रुळांच्या जोड्यांमधलं अंतर तंतूच्या लांबीपेक्षा किंचित जास्त हवं. एक इंचासाठी लावलेल्या रुळांत पाऊण इंचाचा तंतू मधेच मोकळा तरंगतो, आणि सूत कुठे जाड कुठे बारीक येतं. मग रूळ जवळ आणा, पीळ वाढवा, वेग कमी करा, पिंजणी दोनदा करा. एवढं करूनही धागे तुटत. मजुरी मालावर ठरलेली, त्यामुळे जास्त राबून कमी पैसे हातात. चर्चमधल्या प्रार्थनेत 'देवा, कापूस दे' म्हटल्यावर मागून 'पण सुरती नको' असा आवाज आला, अशी त्या काळची आख्यायिका आहे.

प्रेस्टन आणि ॲश्टनपेक्षा ओल्डम यातून लवकर सावरलं. तिथला माल मध्यम-जाड कौंटचा होता, आणि यंत्रं फिरवून बदलून देणारे कारखाने दाराशी होते. बेकारांना काम म्हणून नगरपालिकेने बाग करायला घेतली. अलेक्झांड्रा पार्क १८६५ च्या ऑगस्टमध्ये खुली झाली. दुष्काळी कामातून आपल्याकडे तलाव आणि रस्ते झाले, तिथे बाग झाली.

स्नेहलतागंज

मजुरांबद्दल. १८७४ च्या कायद्यानंतर आठवड्याचे साडेछप्पन्न तास; सकाळी सहाला यंत्रं सुरू, शनिवारी दुपारी सुट्टी. १९१९ मध्ये ४८ तास झाले. मुलं 'हाफ-टायमर': अर्धा दिवस गिरणी, अर्धा दिवस शाळा. वयाची अट दहा वर्षं होती, १८९३ मध्ये अकरा झाली, १८९९ मध्ये बारा. शाळेत ही मुलं बाकावरच झोपत. सॅडलवर्थच्या ॲनी केनी दहाव्या वर्षी अशाच गिरणीत गेल्या, यंत्रात एक बोट गमावलं, आणि पुढे १९०५ मध्ये मँचेस्टरच्या सभेत ख्रिस्ताबेल पँकहर्स्ट यांच्यासोबत स्त्रियांच्या मताधिकाराचा प्रश्न विचारून तुरुंगात गेल्या.

माइंडर हा मजूरही होता आणि ठेकेदारासारखाही. पीसरचा पगार तो स्वतःच्या मजुरीतून देई, म्हणून पीसरला मिळे फार थोडं आणि माइंडरची जागा रिकामी व्हायची वाट बघण्यात त्याची दहा-पंधरा वर्षं जात. मजुरीचे दर 'ओल्डम लिस्ट' या दरपत्रकाने ठरत. गाडीच्या फेरीचा वेळ घड्याळाने मोजत, आणि वेग वाढवून जो फायदा होई तो मालक आणि माइंडर निम्मा-निम्मा वाटून घेत. हे लक्षात घेतलं की तिथल्या संघटनेला वेगाचं वावडं का नव्हतं ते कळतं. झगडेही झाले. १८९२-९३ मध्ये मालकांनी ५ टक्के मजुरीकपात मागितली, वीस आठवडे टाळेबंदी चालली, आणि ब्रुकलँड्सच्या करारात पौंडामागे (तेव्हाचे २४० पेनी) ७ पेनी, म्हणजे २.९ टक्के कपातीवर तोड निघाली.

एक गोष्ट फलकावर नक्की घ्या. चात्यांना दिलेलं खनिज तेल उडून कपड्यांत मुरे, माइंडर वर्षानुवर्षं गाडीच्या दांडीवर वाकून काम करी, आणि मांडीच्या सांध्यापाशी, वृषणाच्या कातडीला कर्करोग होई. त्याला 'म्यूल-स्पिनर्स कॅन्सर' असंच नाव पडलं. १९२० च्या दशकापासून डॉक्टर सांगत होते. तेलावरचे सक्तीचे नियम १९५३ मध्ये आले.

झांक्यांशी जोड हवी असेल तर 'वेक्स' बघा. ऑगस्टअखेर सगळं गाव एकदम बंद, गिरण्यांचे बॉयलर दुरुस्तीला, माणसं रेल्वेने ब्लॅकपूलच्या समुद्रावर. त्यासाठी वर्षभर गिरणीत भिशी चाले. मूळ प्रथा चर्चची: लव्हाळ्याच्या पेंढ्यांचा उंच मनोरा रचलेली गाडी, 'रशकार्ट', वाजतगाजत गावातून ओढत नेत, आणि कुणाची गाडी देखणी यावर आळीआळीत चुरस. मिलच्या झांक्यांत जी चुरस असे तीच. सॅडलवर्थमध्ये ही गाडी अजून ऑगस्टमध्ये निघते.

पेळू_ते_सूत

गावाचा स्वभाव समजायचा तर 'लिमिटेड' हा शब्द घ्या. तिथे 'लिमिटेड' म्हटलं की भागधारकांच्या मालकीची गिरणी. सुरुवात सन मिलपासून, तिची कंपनी १८५८ मध्ये कामगारांनीच सहकारी वळणावर काढलेली, ५ पौंडांचा भाग. १८७३ ते ७५ या काळात अशा कंपन्यांचं अक्षरशः पीक आलं. भागाची निम्मी-अधिक रक्कम मागायची नाही, ती 'न मागितलेली' म्हणून उभी ठेवायची, आणि बाकी पैसा लोकांच्या ठेवींतून. विणकर, फिटर, दुकानदार सगळे चार-पाच टक्क्यांवर गिरणीतच पैसे ठेवत. तिमाही ताळेबंद छापून येत, आणि लाभांशावर गुत्त्यांत चर्चा चाले. यंत्रापाशी उभा मजूर दुसऱ्या गिरणीचा भागधारक असे, असं गाव इंग्लंडमध्येही दुसरं दाखवणं अवघड.

त्याच व्यवस्थेने १९१९-२० मध्ये घात केला. युद्धानंतरच्या तेजीत सट्टेबाजांनी गिरण्या कर्ज काढून अवाच्या सवा किमतीला घेतल्या. १९२१ मध्ये बाजार कोसळला. मग कंपन्यांनी 'न मागितलेली' रक्कम मागायला सुरुवात केली. ज्यांनी चढ्या भावात भाग घेतले होते त्यांची ठेव बुडाली आणि वर हे देणंही आलं. कायद्याने ते टाळता येत नव्हतं. म्हातारपणासाठी ठेवलेलं घर विकून भागाचे पैसे भरावे लागलेले लोक होते.

निर्यातीचा कणा आपणच मोडला, हेही लिहा. १९१३ मध्ये ब्रिटनने ७ अब्ज यार्ड सुती कापड बाहेर पाठवलं, त्यातलं ३ अब्ज भारतात. १९३० च्या दशकाच्या अखेरीस भारताचा आकडा त्याच्या एक-दशांशाखाली. आपल्या गिरण्या, जपान, आयातकर, बहिष्कार, सगळं मिळून. चात्यांचा आकडा मात्र १९२८ मध्ये १ कोटी ७६ लाखांवर, सर्वांत वर, कारण बंद पडलेल्या चात्याही मोजल्या जात. १९२९ मध्ये बँक ऑफ इंग्लंडच्या पुढाकाराने लँकेशायर कॉटन कॉर्पोरेशन काढून शंभराच्या आसपास कंपन्या एकत्र केल्या. १९३६ आणि १९५९ च्या कायद्यांनी भरपाई देऊन यंत्रं हातोड्याने फोडली. १९५०-६० मध्ये उरलेल्या गिरण्या रात्रपाळीवर आल्या. त्या पाळीला मीरपूर आणि सिल्हेटहून आलेले पुरुष उभे राहिले, आज गावात त्यांची नातवंडं आहेत. अखेरची सूतगिरणी १९९८ मध्ये बंद. आपली हुकुमचंद १९९१ मध्येच बंद झाली होती, आणि तिच्या ४,८०० कामगारांचे २२४ कोटी सुटायला डिसेंबर २०२३ उजाडला.

जुनी_पाटी

सप्टेंबरच्या सभासदांसाठी. मँचेस्टर व्हिक्टोरिया स्थानकातून रॉचडेलची, ओल्डममार्गे जाणारी मेट्रोलिंक ट्राम धरा, अर्ध्या तासाच्या आत ओल्डम मम्प्स. तिथून पायी गॅलरी ओल्डम, मग पायीच अलेक्झांड्रा पार्क. तिथे गावाच्या दवंडीवाल्या आंधळ्या जोचा पुतळा आहे. जुनं टाऊन हॉल आता चित्रपटगृह आहे. १९०० मध्ये चर्चिल पहिल्यांदा खासदार झाले ते या गावातून. जवळच्या मॉलचं नावच 'स्पिंडल्स', म्हणजे चात्या. चॅडर्टन आणि रॉयटनकडे लाल विटांच्या काही गिरण्या गोदामं म्हणून उभ्या आहेत. उंच टाकीच्या मनोऱ्यावर पांढऱ्या विटांत नाव असतं, आत अग्निशमनाचं पाणी. दुरून फोटो काढा, आत शिरू नका, जमिनी कुजलेल्या असतात.

एक गोष्ट ओल्डममध्ये मिळणार नाही: चालतं म्यूल. त्यासाठी स्टायलची क्वॉरी बँक मिल किंवा हेल्मशोअर. प्रात्यक्षिक कोणत्या वारी हे निघण्याआधी बघा. तारीख जुळत असेल तर त्याच ट्रामने पुढे न्यूहेला उतरून एलनरोडचं ३,००० अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन बघा. ते बहुधा महिन्याच्या पहिल्या रविवारी चालवतात, म्हणून त्यांचा दौरा पहिल्या आठवड्यात बसतो का पाहा. गतिचक्रावरच्या खोबणींतून सुती दोरखंड मजल्यामजल्यावर जात, ते पाहिलं की गिरणी इतकी उंच का हे कळतं.

प्लॅटच्या ऑर्डरवह्या प्रेस्टनच्या लँकेशायर आर्काइव्ह्जमध्ये आहेत. तिथे विचारायचं तर चौथा आकडा हवाच. बॅटरी एकदा डावीकडून, एकदा वरून धरा. '२' नंतरचा आकडा गोल असेल तर ०, ३, ६, ८, ९ यात फसगत होते. तेव्हा रंगाचा थर तेवढ्याच बोटभर जागेत उचला. आणि चौकटीच्या आतल्या बाजूलाही बघा, साच्याचा नंबर ओतलेला असतो, तोही लिहून घ्या.